मुळ्याचा पाला गोठ्यात का जावा?

खानदेशात थंडी पडू लागली की वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी आणि त्यांच्या जोडीला ताजा मुळा हा बेत घरोघर होतो. विहिरीजवळच्या वाफ्यात किंवा केळीच्या बागेच्या कडेला मुळ्याच्या दोन-चार ओळी टाकण्याची रीतही जळगाव व धुळे जिल्ह्यांत जुनी आहे. परंतु मुळा उपटल्यानंतर काय घडते, हे पाहण्याजोगे आहे. कंद घरात येतो व पाला गोठ्यात जातो. वाफ्यात राहून गेलेले झाड फुलावर आले की ते जून झाले म्हणून उपटून बांधावर टाकले जाते. वास्तविक मुळ्याचा कंद, पाला व कोवळ्या शेंगा हे तिन्ही भाग खाण्याजोगे आहेत. त्यांपैकी दोन वाया जात असतील, तर त्याचा दोष पिकविणाऱ्यावर टाकता येणार नाही. शेतीविस्ताराचे काम बांधापर्यंत पोहोचले, चुलीपर्यंत पोहोचले नाही, असेच म्हणावे लागेल.

टाकला जाणारा भाग हलक्या प्रतीचा असता तर गोष्ट वेगळी होती. मुळ्याच्या कंदात शेकडा ९४ ते ९५ भाग पाणीच असते. त्याचा उपयोग मुख्यतः रुचीसाठी आणि थोड्याफार क जीवनसत्त्वासाठी. पाल्यात मात्र कॅल्शियम कंदाच्या सुमारे सातपट व क जीवनसत्त्व तीन ते पाचपट असते. शिवाय अ जीवनसत्त्व ज्यापासून तयार होते ते कॅरोटीन, जे पांढऱ्या कंदात जवळजवळ नसते, पाल्यात विपुल असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. मुळ्याच्या पाल्याने रक्तक्षय बरा होतो, असे कोणत्याही कार्यकर्त्याने सांगू नये. त्यासाठी लोहाच्या गोळ्या व वैद्यकीय सल्ला आवश्यकच आहे. परंतु ज्या घरातील स्त्रीला रोज हिरवी भाजी हवी, त्या घरची भाजी गाईपुढे पडावी हे उचित नाही. आणि गाईलाही ती धारेपूर्वी भरपूर घातल्यास दुधाला वास येतो, हा अनुभव गवळ्यांना आहेच.

पाला खरखरीत लागतो व कडवट असतो, ही गृहिणींची तक्रार खोटी नाही. पण ती जून पाल्याची आहे. पेरणीपासून तीन-चार आठवड्यांत विरळणी करताना जी रोपे निघतात, त्यांचा पाला मेथीइतकाच कोवळा असतो. तो बारीक चिरून, त्यात हिरवी मिरची, दाण्याचे कूट, मीठ व चमचाभर कच्चे तेल घातल्यास मेथीच्या घोळाण्यासारखाच घोळाणा होतो. त्याला शिजविण्याचीही गरज नाही. थोडा निबर पाला असेल तर देठांचा जाड भाग काढावा, लसणाची फोडणी द्यावी व भिजविलेली मुगाची डाळ घालून भांडे उघडे ठेवून शिजवावा. झाकण न ठेवल्याने मुळ्याचा उग्र वास बराचसा निघून जातो. भाजी फार वेळ शिजवू नये व तिचे पाणी ओतून टाकू नये, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते आणि पाण्याबरोबर वाहूनही जाते.

हेच कंदालाही लागू आहे. किसलेल्या मुळ्याला मीठ लावून, घट्ट पिळून पाणी फेकून देण्याची सवय अनेक घरांत आहे. तिखटपणा जातो खरा, पण त्याबरोबर जे जायला नको तेही जाते. ते पाणी ज्वारीच्या पिठात घालून त्यातच कीस, चिरलेला पाला, तीळ व तिखट मळावे. त्याची भाकरी किंवा थालीपीठ उत्तम होते आणि मुलेही ते खातात. मुळ्याचा तिखटपणा चिरल्यावर किंवा किसल्यावर निर्माण होतो. शिजविल्यावर तो मावळतो व कंद गोडसर लागतो. म्हणून बेसन पेरून केलेली मुळ्याची भाजी कच्चा मुळा न सोसणाऱ्या वृद्धांनाही चालते. भिजविलेल्या हरभऱ्याच्या डाळीबरोबर वाटून केलेला चटका आणि दह्यातील कोशिंबीर सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

शेंगांविषयी मात्र लिहिले पाहिजे. या शेंगांना डिंगऱ्या म्हणतात. नखाने सहज मोडतात तोवर त्या तोडाव्यात; कांद्याबरोबर परतून त्यांची भाजी अतिशय चवदार होते. दहा-बारा झाडे मुद्दाम वाफ्यात राखली तरी कुटुंबाला कित्येक वेळा भाजी मिळते. त्यासाठी पुसा देशी, पुसा रेशमी किंवा पुसा चेतकी यांसारखे वाण घ्यावेत. जपानी व्हाइटसारख्या वाणाला फुलोऱ्यासाठी कडक थंडी लागते, त्यामुळे आपल्याकडे तो शेंगांच्या उपयोगाचा नाही.

घरच्या मुळ्याची गोडी पेरणीच्या पद्धतीवरही अवलंबून असते. सर्व बी एकाच दिवशी टाकले की सर्व मुळा एकदम तयार होतो, घरात खाऊन संपत नाही आणि राहिलेला आतून पोकळ पडतो. दर पंधरवड्याला हातभर रुंदीचा पट्टा पेरला तर तो अनेक आठवडे पुरतो. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत कंद फाटे फोडतो. तेथे वरंब्यावर, चांगले कुजलेले शेणखत मिसळून पेरावा. पाण्याचा ताण पडल्यास मुळा जास्त तिखट होतो. मात्र न्हाणीचे व भांड्यांचे सांडपाणी कच्च्या खाण्याच्या मुळ्याला देऊ नये. ते परसातील केळीला द्यावे, तिला ते चालते. पाला खायचा असल्याने मावा दिसताच औषध फवारण्याची घाईही करू नये. थोड्या रोपांवरील मावा जोरदार पाण्याने धुऊन जातो, आणि फारच भरलेली पाने खुडून नष्ट करता येतात.

सप्टेंबर हा पोषण महिना म्हणून २०१८ पासून पाळला जातो, आणि हिवाळी मुळ्याची पेरणीही याच सुमारास सुरू होते. या निमित्ताने परसबागेसाठी बियाण्याची पाकिटे वाटली जातात, छायाचित्रे काढली जातात आणि कार्यक्रम संपतो. त्याऐवजी पाकीट देतानाच, पंचवीस-तीस दिवसांनी विरळणीच्या दिवशी पुन्हा येण्याचे ठरवावे. अंगणवाडी सेविका व गावातील दोन अनुभवी गृहिणी यांनी त्याच वाफ्यातील पाल्याचा घोळाणा व मुळ्याची भाकरी सर्वांसमक्ष करावी आणि जमलेल्या पुरुषांनीही ती तेथेच खावी. कारण घरात कोणती भाजी शिजेल हे पुष्कळदा ताटावर बसणाऱ्याच्या आवडीवर ठरते, आणि ‘हा गुरांचा पाला आहे’ असे ताटावरून म्हणणारा बहुधा पुरुषच असतो.