एसीवाली कॅमारो

जुन्या अमेरिकन मसल कारच्या शौकिनांमध्ये एक समज पक्का बसलेला आहे: खरी दमदार गाडी म्हणजे बिनएसीची. कारखान्यातून एसी घेऊन आलेली गाडी कुणा आरामखोराची. मला हे मुळीच पटत नाही.

शेव्हरोलेची १९६९ची कॅमारो एसएस ३९६ घ्या. ३२५ अश्वशक्तीचं इंजिन मागवलं तर एसी मिळे. ३७५ अश्वशक्तीचं मागवलं, की पैसे कितीही मोजा, एसी नाही. झेड/२८लाही तो मिळत नव्हता. क्रायस्लरकडे तोच प्रकार: ४४० मॅग्नम इंजिनाला एसी चाले, ४२६ हेमीला नाही. १९६७च्या एल८८ कॉर्व्हेटला तर हीटर आणि रेडिओसुद्धा नव्हता. पण ती शर्यतीसाठीच होती, तिचं सोडा.

यात गिऱ्हाइकाची मर्दुमकी पारखण्याचा प्रश्न नव्हता. त्या काळचा कॉम्प्रेसर जड आणि पट्ट्यावर फिरणारा. इंजिन जितकं जोरात फिरणार, तितकाच तोही. सॉलिड लिफ्टरची इंजिनं मिनिटाला सहा-साडेसहा हजार फेऱ्यांपर्यंत पळवण्यासाठी बनलेली. तिथे पट्टा निसटणार, नाहीतर कॉम्प्रेसरचं काम आटोपणार. रेडिएटरसमोर कंडेन्सर आला की वारा अडतो, इंजिन तापतं. त्यातून अशी इंजिनं उभ्या गाडीत आधीच धडधडतात. वर कॉम्प्रेसरचा भार टाकला की सिग्नलला बंद पडण्याची भीती. आखातात एसीची कामं करून आलेल्या आमच्या कोकणातल्या मंडळींना हे समजावून सांगायची गरज नाही!

म्हणजे ऑर्डरचा कागद भरताना माणसाला ठरवावं लागे, की गाडी रोज चालवायची की शनिवारी रात्री पळवायची. टेक्सासच्या उन्हात कामावर जाणाऱ्यानं ३२५ अश्वशक्ती आणि थंड हवा निवडली, तर त्यात कमीपणा कसला? ३२५ म्हणजे काही बैलगाडी नव्हे.

आता खरी तक्रार. झेड/२८ला बाजारात भाव जास्त, म्हणून काही जण साध्या एसीवाल्या कॅमारोचा एसी उपटून फेकतात, बिल्ले लावतात, पट्टे रंगवतात. हौसेनं केलं आणि विकताना तसं सांगितलं तर माझं काही म्हणणं नाही. पण बरेचदा सांगत नाहीत. वर एक जिवंत पुरावा कायमचा गेला, कारण एसीच्या गाडीची फायरवॉलच निराळी असते आणि डॅशबोर्डच्या मधोमध हवेची जाळी असते. हे सगळं बुजवायचं म्हणजे त्या पहिल्या मालकाचं आयुष्यच पुसून टाकायचं.

उलट प्रकारही होतो. अस्सल झेड/२८चा मालक म्हातारा होतो, उकाडा सोसवत नाही, मग आजचा छोटा कॉम्प्रेसर बसवून घेतो. शुद्धतावादी नाक मुरडतात. फायरवॉलला नवं भोक पाडलं नसेल आणि काढलेले सुटे भाग जपून ठेवले असतील, तर मी त्या माणसाच्या बाजूनं. उद्या सगळं पूर्ववत करता येतं. उपटून फेकलेला कारखान्याचा एसी मात्र परत आणणं कठीण, आणि आणलाच तर तो भलत्याच गाडीचा.

झेड/२८ म्हणून कुणी गाडी दाखवली, तर बिल्ला पाहत बसू नका. बॉनेट उघडायला सांगा आणि आधी फायरवॉल बघा.