एकटीचं पान

मंडळी, आज जरा भांडणार आहे. वाद घालायचा असेल त्यांनी खुशाल घालावा, पण आधी शेवटपर्यंत वाचावं. वर्गातही माझा हाच नियम असे.

माझं म्हणणं आधी सांगून टाकते. प्रवासात असलेल्या एकट्या माणसाला, त्यातही एकट्या म्हाताऱ्या बाईला, चांगल्या महागड्या हॉटेलात नीट टेबलाशी बसून निवांत जेवायचा पूर्ण हक्क आहे. ती हॉटेलवाल्यांची अडचण नाही आणि नातेवाइकांच्या काळजीचा विषय तर मुळीच नाही.

यात भांडण्यासारखं काय, असं वाटेल. तर ऐका. गेल्या हिवाळ्यात बंगळूरला गेले होते. एका मोठ्या हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये (नाव सांगत नाही, दुसरीकडेही असंच घडतं) रात्री साडेसातला शिरले. दाराशी उभ्या मुलीने विचारलं, "हाऊ मेनी?" म्हटलं, "वन." तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "ओन्ली वन, मॅम?"

निम्मं रेस्टॉरंट रिकामं होतं. खिडकीशी दोन टेबलं मोकळी. मला बसवलं ते स्वैपाकघराच्या झुलत्या दाराशेजारी. दार उघडलं की भांड्यांचा खणखणाट. खिडकीजवळची जागा मागितली तर म्हणे "रिझर्व्हड." मी बिल देऊन उठेपर्यंत तिथे कुणीही आलं नाही. दोनदा हात वर केल्यावर पाणी मिळालं. आणि बिलावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज!

इथे मात्र मी मास्तरीण झाले. त्यांना सांगितलं, बाबांनो, हा सरकारचा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं की हा चार्ज आपोआप बिलात घालता येणार नाही. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वं उचलून धरली. मॅनेजरने मुकाट्याने नवं बिल आणलं. ज्या टेबलाला सेवा सगळ्यांत कमी, तिथेही सेवेची किंमत तेवढीच, हा कुठला हिशोब?

हॉटेलवाल्यांची बाजू मला कळते. दोघांचं टेबल एकाने अडवलं की अर्ध्या कमाईवर पाणी. पण चौघांच्या टेबलाशी दोघं बसली तरी तेवढंच नुकसान होतं, त्यांना कुणी दाराशेजारी ढकलत नाही. शिवाय एकटा माणूस गप्पा मारत तीन तास बसत नाही. जेवतो, पैसे देतो, उठतो. आणि खिडकीशी टेबलं रिकामीच राहणार असतील तर हा हिशोबसुद्धा लागू पडत नाही.

खरं तर एकटं जेवणाऱ्याला सांभाळायची आपल्याकडे जुनी रीत आहे. गिरणगावातल्या खानावळी चालल्या त्या कुणाच्या जिवावर? बायकामुलांना गावी ठेवून आलेल्या एकट्या गिरणी कामगारांच्या. त्यांना जेवू घालणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलाशी एकटा माणूस चहा आणि ब्रून मस्का घेऊन पेपर वाचत बसे, त्याची कुणाला कीव येत नसे. बंगळूरातही दुसऱ्या दिवशी सकाळी मी गांधी बझारच्या विद्यार्थी भवनात गेले. १९४३ पासूनचं ठिकाण. वाढपी हातावर डोशांच्या थाळ्यांची चळत घेऊन येतो. तीन अनोळखी माणसांच्या टेबलाशी मला जागा मिळाली आणि माझ्यामागे कुणी आहे का, हे कुणी पाहिलं नाही.

"मग तिथेच जात जा की!" असं कुणी म्हणेल. का म्हणून? डोसा मला आवडतोच. पण पांढऱ्या टेबलक्लॉथवर, हळू आवाजात, चार पदार्थ एकामागून एक येताहेत, असं जेवणही मला आवडतं. पेन्शन माझी आहे. २०१३ मध्ये ॲमस्टरडॅमला 'ईनमाल' नावाचं काही दिवसांपुरतं रेस्टॉरंट उघडलं होतं, सगळी टेबलं एकेकट्याची. कल्पना छान, पण मला एकट्यांची वेगळी वसाहत नकोय. सगळ्यांमध्ये एक खुर्ची हवी आहे.

आता घरच्यांकडे वळते, कारण मोठं भांडण त्यांच्याशी आहे. परत आल्यावर भाची म्हणाली, "अगं मावशी, खोलीवरच मागवायचंस ना!" धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, एकटीला घास तरी कसा उतरला?"

भाऊजी, जरा आठवून बघा. आमच्या पिढीतल्या बायका जन्मभर एकट्याच जेवल्या. आधी मुलांची पानं, मग पुरुषांची, मग पाहुण्यांची. सगळ्यांचं झाल्यावर तळाची आमटी आणि कढईतच कालवलेला भात, ओट्याशी उभ्याने. शाळा गाठायची असेल तर तेही दहा मिनिटांत. तेव्हा घास कसा उतरतो, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. ओट्याशी आमचं एकटेपण कुणाला दिसलं नाही आणि चांगल्या टेबलाशी बसल्याबरोबर सगळ्यांना दिसायला लागलं. बाईने बसून, दुसऱ्याकडून वाढून घेऊन, स्वतःच्या पैशाने फक्त स्वतःसाठी जेवावं, हे आपल्या पचनी पडत नाही. बाकी काळजीबिळजी सगळी वरवरची.

२०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेली माणसं दहा कोटींहून जास्त होती आणि त्यांत बायका पुरुषांपेक्षा अधिक होत्या. यांतल्या कितीजणींचे जोडीदार गेलेले, मुलं लांब. त्यांनी काय आयुष्यभर खोलीवर सँडविच मागवायचं?

म्हणून माझ्या मैत्रिणींना सांगते. आधी फोन करून आपल्या नावाने टेबल राखून ठेवा. जागा आवडली नाही तर बसण्याआधीच तसं सांगा. सोबत म्हणून पुस्तक न्यायलाच हवं असं नाही, आपण काही गुन्हा करत नाही आहोत. आणि "किती जण?" विचारलं तर "एकच" असं खाली बघून पुटपुटू नका. ठणठणीत आवाजात सांगा, "मी आहे!"

पुढच्या महिन्यात कोलकात्याला निघाले आहे. एकटीच. सोबत येऊ का, असं कुणी विचारू नये. परत आल्यावर काय काय खाल्लंस, एवढं मात्र जरूर विचारा.