शिष्यवृत्ती पदवीपाशी संपते, पुढे काय?



राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती यांच्या बळावर आपली मुलं-मुली लंडन, मँचेस्टर, एडिनबरापर्यंत पोहोचली. निवड झाली की वस्तीत बॅनर लागतो, सत्कार होतो. व्हायलाच हवा. पण पदवी हातात पडल्यावर त्यांचं काय झालं, हे आपण विचारतो का?

ब्रिटनचंच उदाहरण घेऊ. एम.ए., एम.एस्सी. एका वर्षात संपते. त्यानंतर ग्रॅज्युएट व्हिसावर दोन वर्षं राहता येतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएच.डी. वगळता, दीडच वर्ष मिळेल. पुढे राहायचं तर बहुतेकांना स्किल्ड वर्कर व्हिसा लागतो. त्यासाठी सरकारी परवाना असलेली कंपनी प्रायोजक हवी, काम पदवीच्या दर्जाचं हवं. जुलै २०२५ पासून पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नवपदवीधरांना सवलत धरूनही ३३,४०० पौंड. त्यात नवख्यांच्या वाट्याला येणारी सुरुवातीची कामं एआय करू लागलं आहे.

ही अट सगळ्यांना सारखीच, असं कुणी म्हणेल. कागदावर सारखीच आहे. पण सवर्ण घरातल्या मुलाला सीव्ही तपासून देणारा मामा असतो, कंपनीत नाव सुचवणारी चुलत बहीण असते. आपल्या पहिल्या पिढीच्या पदवीधराकडे ‘रेफरल’ कुठून येणार? गुणवत्ता म्हणून मिरवलं जातं त्यात गोतावळ्याचा वाटा मोठा असतो. १९१७ साली कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. नुसत्या पदवीने दार उघडत नाही, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. एक, परदेशात स्थिरावलेल्या प्रत्येकाने दरवर्षी एका विद्यार्थ्याची जबाबदारी घ्यावी. सीव्ही, मुलाखतीचा सराव, ओळख. पे बॅक टू सोसायटी म्हणजे फक्त १४ एप्रिलची वर्गणी नव्हे. दोन, जाणाऱ्यांनी पहिल्या सत्रापासूनच विद्यापीठाच्या करिअर विभागाचं दार ठोठवावं आणि प्रायोजक कंपन्यांची सरकारी यादी पाहावी. समाजशास्त्र शिकणाऱ्यांनीही आकडेवारीचं विश्लेषण शिकून घ्यावं. तीन, शिष्यवृत्तीत कौशल्य प्रशिक्षण आणि नोकरी शोधण्याच्या काळातला निर्वाह यांची तरतूद करावी, ही मागणी आपण शासनाकडे लावून धरावी.

‘तिकडे राहिले की समाजाला विसरतात’ हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. शिकलेल्यांनी पाठ फिरवल्याची खंत बाबासाहेबांनी आग्र्यात १९५६ साली बोलून दाखवली होती. पण अडचणीच्या काळात ज्याच्यामागे समाज उभाच राहिला नाही, त्याच्याकडे नंतर हिशेब कोणत्या तोंडाने मागायचा? कुणी परत यावं, कुणी तिथे राहावं. तो निर्णय व्हिसाची मुदत संपली म्हणून नाइलाजाने होऊ नये, एवढीच ही लढाई आहे.

जय भीम!