मेंदूत तार बसली, पण पाऊल टाकायला कोण शिकवणार?

कंपवाताच्या रुग्णाला मुंबई-पुण्याला नेलं, मेंदूत तारा बसवल्या, हाताची थरथर थांबली, की घरच्यांना वाटतं, सुटलो. खर्च लाखांत. त्यापायी कुणाची बैलजोडी जाते, कुणाचे चार-पाच गुंठे. पण वाचकहो, या शस्त्रक्रियेने काय साधत नाही, ते माणूस गावी परतल्यावरच कळतं.

१९८७ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे डॉ. बेनाबिद यांनी ही वाट दाखवली. मेंदूत खोलवर बारीक तारा, छातीच्या कातडीखाली बॅटरी आणि दोन्ही जोडणारी तार मानेतून. थरथर, ताठरपणा, मंदपणा यांवर गुण चांगला येतो. तोल जाणं आणि बोलणं पुसट होणं यांवर मात्र फारसा येत नाही. मग होतं असं, की हातपाय मोकळे झालेले आजोबा हुरूपाने झपकन उठतात आणि उंबऱ्यात आपटतात. खुब्याचं हाड मोडलं की पुन्हा अंथरूण.

इथे उपयोग व्यायामाचा, आणि त्याला महागडं काही लागत नाही. ओसरीत हातभर अंतरावर चुन्याच्या रेघा ओढाव्यात, एकेक रेघ ओलांडत मोठी पावलं टाकावीत, घरच्या कुणी 'एक-दोन, एक-दोन' असा ताल धरावा. वळताना जागच्या जागी गिरकी नको. बैलगाडी वळते तसं लांबून वळावं. चालताना हातात कळशी नको, तोंडी गप्पा नकोत. दोन कामं एकदम आली की पाय जमिनीला चिकटतो. गोळीचा अंमल चांगला असेल तीच वेळ धरावी आणि शेजारी कुणी उभं असावं. कोणता व्यायाम किती, हे फिजिओथेरपिस्टने बघून ठरवावं. बॅटरीचं सेटिंग बदललं की पुन्हा दाखवावं.

आता खरी काळजीची गोष्ट. गुडघे-कंबरदुखीवर मशीनचा शेक तालुक्याच्या गावीही मिळतो. तारा बसवलेल्या माणसाला डायथर्मीचा शेक अंगावर कुठेही चालत नाही, मग तो शॉर्टवेव्हचा असो, मायक्रोवेव्हचा की अल्ट्रासाउंडचा. तारेचं टोक तापून मेंदूला इजा होते, जीवही जाऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्येच तसा इशारा दिला. (तपासणीची सोनोग्राफी वेगळी, पण तिथेही आधी सांगावंच.) कंबर दुखते म्हणून गेलेला माणूस डोक्यातल्या तारेचं कशाला बोलेल? तेव्हा शस्त्रक्रियेनंतर मिळालेलं ओळखपत्र खिशात ठेवा आणि मशीन लावण्याआधी दाखवा. न्हाव्याकडून मान मोडून घेणंही बंद. तार तिथूनच जाते.

सरकारदरबारी सोय नाही असं नाही. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या वृद्धांच्या आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी धरलेली आहे. पण आठवड्यातून दोन-तीनदा जिल्ह्याला जायचं कसं? पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एस.टी. फुकट झाली खरी, पण ज्याचा पाय घराच्या उंबऱ्यावर अडतो तो एस.टी.ची पायरी कशी चढणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कंपवाताचं नाव स्पष्ट आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करा. आणि ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसावा, एवढा ठराव येत्या ग्रामसभेत मांडायला काय हरकत आहे?