घसरण विकत घेताना

मॉलमधील कृत्रिम बर्फाच्या रिंकविषयी लिहायचे म्हटले की समीक्षकाच्या लेखणीला एक आयती वाट सापडते. बर्फ नाही, केवळ बर्फाचा आभास आहे. तेव्हा बोद्रिआरचे नाव घ्यावे, त्याच्या १९८१ च्या ग्रंथाचा दाखला द्यावा, 'प्रतिकृतींचे युग' असा एखादा शब्दप्रयोग पेरावा आणि लेख आटोपता घ्यावा. आम्हांला ही वाट मान्य नाही. आमची तक्रार बर्फ खोटा आहे, ही नव्हेच.

ही वस्तू मुळात काय आहे ते आधी पाहू. पॉलिएथिलीनचे जाड, गुळगुळीत तक्ते एकमेकांत अडकवून जमिनीवर अंथरलेले असतात आणि पोलादी पात्यांचे बूट घालून त्यांवरून घसरायचे असते. खऱ्या बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा एक अतिसूक्ष्म थर असतो, तो पात्याला वाट करून देतो. प्लॅस्टिकमध्ये तो नाही, म्हणून घर्षण अधिक, पायाला जोर अधिक. उलटपक्षी गोठवणारी यंत्रे लागत नाहीत, पाणी लागत नाही, वीज वाचते आणि हंगाम सरला की सारे उचलून दुसरीकडे नेता येते. उष्ण प्रदेशातील व्यापाऱ्याला याहून सोयीचे काय असणार?

ही नक्कल आजची नाही. यंत्राने गोठवलेले रिंक लंडनमध्ये १८७६ साली आले. त्याच्या बत्तीस वर्षे आधी, १८४४ मध्ये, त्याच शहरात क्षार आणि डुकराची चरबी यांच्या मिश्रणाचा 'बर्फ' करून लोकांना त्यावर खेळवण्यात आले होते. म्हणजे यंत्राच्या बर्फाआधी नकली बर्फ आला! शिवाय खेळ म्हटला की खोटेपणा आलाच. भातुकलीतला भात खोटा, काठीचा घोडा खोटा, रंगभूमीवरचा राजा खोटा. योहान हाउझिंगाने १९३८ साली खेळाचे जे विवेचन केले, त्यात खेळ हा रोजच्या जगण्यातून स्वेच्छेने बाहेर पडून निराळ्या नियमांच्या वर्तुळात शिरणे आहे, असा विचार आहे. त्या वर्तुळात प्लॅस्टिकला बर्फ म्हणायला कोणाची हरकत असेल?

हरकत आहे ती हे वर्तुळ कोणी आखले याला. काठीचा घोडा मूल स्वतः करते. पाच मिनिटांनी तिची तलवार होते, मग वल्हे होते. खोटेपणाची मालकी मुलाकडे असते. रिंकमध्ये खोटेपणा पुरा होऊन, तिकीट लागून समोर येतो. भिंतीवर हिमाच्छादित डोंगर रंगवलेले, तोल सावरायला प्लॅस्टिकचे पेंग्विन, वर इंग्रजी नाताळगीते. मुलाने कल्पावे असे काहीच शिल्लक ठेवलेले नाही. आणि हाउझिंगाच्या व्याख्येतील स्वेच्छेचे म्हणाल, तर मनगटावरची पट्टी सांगते की खेळ अर्ध्या तासाने संपेल. खेळ रंगला म्हणून तो लांबत नाही, कंटाळा आला म्हणून पैसे परत मिळत नाहीत.

याला 'कौटुंबिक करमणूक' म्हणतात. मराठीचे अध्यापक म्हणून आम्हांला या विशेषणाची चौकशी करावीशी वाटते. कुटुंबातले खेळते कोण? बहुधा एखाददुसरे मूल. आईवडील कठड्याबाहेर मोबाइल उंचावून उभे, आजी बाकावर पिशव्या सांभाळत. सगळे मिळून करतात अशी क्रिया एकच, आणि ती म्हणजे खर्च. रिंकचे खरे काम कुटुंबाला त्या इमारतीत आणखी तासभर थोपवून धरणे हे आहे. बंदिस्त मॉलचा जनक मानला जाणारा व्हिक्टर ग्रुएन हा मूळचा व्हिएन्नाचा वास्तुविशारद. १९५६ साली अमेरिकेत मिनेसोटातील साउथडेल उभारताना लोकांना भेटण्याबोलण्यासाठी चौक मिळावा, असे त्याच्या मनात होते. पुढे दुकानांनी चौक गिळला आणि उतारवयात त्याने आपल्या या अपत्याशी नाते नाकारले. निर्मात्याने नाकारलेले ते अपत्य आपण कौतुकाने अंगाखांद्यावर खेळवतो आहोत.

यावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मैदान तरी कोणाचे होते? विटीदांडू आणि लगोरीचे गोडवे गाणारे हे विसरतात की वयात येताच मुलीला मैदानावरून घरी बोलावले जाई, आणि गावात कोणी कोणासोबत खेळायचे हे जात ठरवीत असे. मॉलमध्ये निदान मुलगी निर्धास्तपणे घसरते, पडते, पुन्हा उठते. तिची आईही मोकळा श्वास घेते. हे खरे आहे. परंतु ही निर्धास्तता तिकिटाबरोबर मिळते आणि तिकिटाबरोबरच संपते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉइटर?' (२०११) या पुस्तकात मुंबईतील स्त्रियांविषयी नेमके हेच दाखवले, की ग्राहक म्हणून मिळालेला प्रवेश हा नागरिक म्हणून मिळालेला हक्क नव्हे. मैदान मुलींसाठी असुरक्षित असेल, तर मैदान सुरक्षित करण्याची मागणी व्हायला हवी. प्लॅस्टिकच्या तक्त्यांवर तिची सोय झाली म्हणून ती मागणीच विरून जावी, हा सौदा फार महाग आहे. ज्या बाईला दारावरचा रखवालदार आपादमस्तक न्याहाळतो, तिच्या मुलीचे काय, हा प्रश्न तर उरतोच.

आणि आता जमिनीबद्दल. मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती आकसली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेला नागरिकांच्या बाजूचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरवला. १९८२ च्या संपाने ज्यांची रोजी गेली, त्यांच्या नातवंडांचे मैदानही असे कागदावर आक्रसले. त्या गिरणगावात मॉल मात्र दिमाखात उभे राहिले. साऱ्या महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना अधिनियमाचे कलम १२७ आहे. त्यानुसार आराखड्यात आरक्षित झालेली जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही आणि मालकाच्या नोटिशीनंतरच्या मुदतीतही काही हालचाल झाली नाही, तर आरक्षण गळून पडते. 'क्रीडांगण' हा शब्द नकाशावरून पुसला जायला याहून अधिक काही घडावे लागत नाही.

शब्दाचा अर्थ कसा बदलतो हे आपण वर्गात शिकवतो. 'खेळणे' या क्रियापदाला आता तिकीट जोडले जात आहे आणि कोणत्याही व्याकरणाने याची नोंद घेतलेली नाही. विद्यार्थ्यांनी मॉलवर बहिष्कार घालावा, असला भाबडा उपदेश आम्ही करणार नाही. घसरण्याचा आनंद खरा आहे आणि तो ज्याला मिळेल त्याने घ्यावा. मात्र आपल्या गावाचा विकास आराखडा एकदा उघडून 'क्रीडांगण' असे जिथे छापले आहे, तिथे आज काय आहे ते पाहून यावे. वाचनाचा हाही एक प्रकार आहे, आणि आपल्या अभ्यासक्रमात तो नाही.