काटा खोटं बोलतो तेव्हा

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी एक जुनी जीप घेतली. घेतल्या घेतल्या तिला गॅरेजमध्ये नेलं, स्प्रिंगा बदलून चांगली चार बोटं वर उचलली आणि खाली ही थोरली चाकं बसवली! मूळ टायर 29 इंचांचे होते, आता 33 इंचांचे. जीप अंगणात उभी राहिली की गल्लीतली सगळी पोरं गोळा व्हायची. आमची सातवीतली कन्या तर दादावर बेहद्द खूश.

मे महिन्यात आम्ही त्याच जीपमधून साताऱ्याहून पाचगणीला निघालो. भाचा गाडी चालवत होता, शेजारी मी, मागे माझी ताई आणि कन्या. हायवेवर भाच्याने काटा बरोबर 60 वर ठेवला होता. कन्या मात्र गप्प बसून एकदा घड्याळाकडे, एकदा खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "दादा, तुझा काटा खोटं बोलतोय."

"काहीतरीच काय!" भाचा हसला.

"अरे, ताशी 60 म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर ना? मग दोन दगडांमध्ये 60 सेकंद लागायला हवेत. मी तीनदा मोजले. 53च लागतात!"

आता भाचाही गप्प. कारण हिशेब अगदी बरोबर होता. 53 सेकंदांत एक किलोमीटर म्हणजे ताशी सुमारे 68. काटा 60 दाखवत होता आणि आम्ही 68 ने पळत होतो!

असं का बरं? तुमची लहान सायकल आणि बाबांची मोठी सायकल शेजारी शेजारी उभी करा. दोन्ही चाकांचा एकेकच फेरा होऊ द्या. मोठं चाक जास्त पुढे जाईल. जीपचंही तसंच. स्पीडोमीटरला रस्ता दिसत नाही. त्याला कळतात फक्त फेरे. एका फेऱ्यात इतकं अंतर, हे कारखान्यात मूळ चाकावरून ठरलेलं असतं. चाक मोठं झालं हे त्याला सांगणार कोण? 33 ला 29 ने भागा, 1.14 येतील. 60 ला त्याने गुणा. आले की नाही 68?

वाईला आम्ही चहाला थांबलो. समोर पसरणीचा घाट होता. ताईने विचारलं, "अरे, काट्याचं असं, मग बाकीचं सगळं ठीक आहे ना?" प्रश्न साधाच, पण भाच्याला चहा गोड लागेना.

बाकीचं काय, ते बघू या. पहिली गोष्ट ब्रेकची. दार बिजागरीजवळ धरा आणि मित्राला दुसऱ्या कडेला ढकलू द्या. तुमची किती दमछाक होते ती बघा. (बोटं मात्र फटीत घालू नका!) ब्रेक असाच चाकाच्या मध्याजवळ धरतो आणि रस्ता चाकाच्या कडेला ढकलतो. चाक मोठं, म्हणजे कड आणखी लांब. शिवाय टायरही जड. ब्रेक मात्र जुनेच! घाट उतरताना त्यांना जास्त कष्ट पडणारच.

दुसरी गोष्ट तोलाची. एका फळीवर टॉवेल अंथरा. त्यावर एक काडेपेटी आडवी ठेवा आणि एक उभी. आता फळी एका बाजूने हळूहळू उचला. आधी कोणती पडते? उभी. तिचा गुरुत्वमध्य उंच असतो आणि बूड अरुंद. उचललेल्या जीपचंही तसंच होतं. वळणावर वेग जास्त असेल तर ती साध्या जीपपेक्षा लवकर कलंडू शकते.

मग मोठी चाकं लावतातच का? त्यालाही कारण आहे, बरं का. नुसत्या स्प्रिंगा उंच केल्या तर गाडीचं अंग वर जातं, पण आस आहे तिथेच राहतो. दगडाला आपटतो तो आस. त्याला वर उचलायचं तर चाकच मोठं हवं. तेही 4 इंचांनी मोठं केलं तर आस वर जातो 2च इंच! गाडी उचलतात ती मुख्यतः मोठं चाक मडगार्डला घासू नये म्हणून. आइसलंडमध्ये भुसभुशीत बर्फावरून जायला 38 इंची टायर लावतात आणि त्यातली बरीच हवा काढून टाकतात. मग टायर उंटाच्या पावलासारखा पसरतो आणि गाडी रुतत नाही. पण तिथले जाणकार चाकांबरोबर गिअर, मडगार्ड, स्पीडोमीटर असं सगळंच जुळवून घेतात. आमच्या भाच्याने बदलली ती फक्त दिसणारी गोष्ट.

आपल्याकडे कायदाही आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत.

घाटात भाच्याने काटा 25 च्या वर जाऊ दिला नाही. एका तीव्र वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, तसा पुढचा टायर आत खर्रकन घासला. कोणी काही बोललं नाही. ताईने फक्त नातवंडाला धरावं तसं भाचीला जवळ ओढलं.

पुढच्याच आठवड्यात जुनी चाकं आणि जुन्या स्प्रिंगा परत आल्या. जीप बुटकी झाली, गल्लीतली पोरं हिरमुसली. भाचा मात्र म्हणतो, "काका नाही, मामा नाही, मला शिकवलं ते सातवीतल्या पोरीच्या घड्याळाने."

आता तुमच्यासाठी एक कोडं. मोठी चाकं असताना भाचा तक्रार करायचा, की जीपचं अॅव्हरेज फारच कमी झालंय. तो किलोमीटर मोजायचा मीटरवरून. मग खरं अॅव्हरेज तो सांगतो त्याहून कमी असेल की जास्त? डोकं चालवा. उत्तर पुढच्या अंकात!