श्रीनगरची जुनी घरे आणि विम्याचा हिशेब

श्रीनगरच्या जुन्या शहरात ‘धज्जी देवारी’ पद्धतीची घरे आजही उभी आहेत. लाकडी चौकटीत विटा-दगड भरलेल्या या भिंती भूकंपाचे धक्के सोसतात. आगीपुढे मात्र तेच लाकूड दुबळे ठरते. २१ डिसेंबरपासून ‘चिल्लई कलां’चे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस सुरू होतात. घरोघरी बुखारी पेटते, पाणी गोठून नळ फुटतात. झेलमच्या सप्टेंबर २०१४ मधील महापुराचा विसर पडणेही शक्य नाही.

अशा घराचा विमा केवळ कर्जाच्या रकमेइतका उतरवणे म्हणजे अर्धवट संरक्षण होय. त्यातून कर्ज फिटेल. घर उभे राहणार नाही. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत आग, भूकंप, पूर तसेच नळ फुटून होणारे नुकसान समाविष्ट आहे. कालपरत्वे होणारी झीज नाही. इमारतीची विमा रक्कम मात्र बाजारभावावर नव्हे, तर बांधकामाच्या खर्चावर ठरते. कोरीव देवदाराचे मोल सिमेंटच्या दराने करता येत नाही. म्हणून पुनर्बांधणीचा अंदाज जाणकाराकडून घेऊनच ग्राहकाने रक्कम ठरवावी आणि कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्यानेही त्याविषयी आवर्जून विचारणा करावी. हप्त्यातील थोड्या बचतीपेक्षा ही दक्षता अधिक हिताची आहे.